सागावरचा कागद

यवतमाळच्या बाजारात आज फर्निचरच्या कोणत्याही दुकानात शिरावे, तर लाकूड म्हणून जे नजरेस पडते ते बहुधा कागद असते. पलंगाची उशाकडची फळी, टीव्हीखालचे कपाट, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांची दारे या सगळ्यांवर सनमायका असतो, आणि सनमायका म्हणजे राळेत भिजवून, तापवून आणि प्रचंड दाबाखाली पक्का केलेला छापील कागद. त्यावरच्या सागाच्या रेषा जंगलात वाढलेल्या नसतात, छापखान्यात उमटलेल्या असतात. हे ज्या जिल्ह्यात घडते, त्याच जिल्ह्याच्या पांढरकवडा, घाटंजी, झरी-जामणी या भागांत खरा साग उभा आहे. दुसरीकडे, जुन्या पाटावर, चौरंगावर, आजीच्या पेटीवर फुलापानांचे नाजूक कागद चिकटवून वर वार्निशचे हात द्यायची डेकूपाज नावाची हौस आता जिल्ह्याच्या ठिकाणीही पोचली आहे. ती नवी आणि परकी वाटते. वास्तविक लाकडाला कागद लावण्याची वाट काही शतकांची आहे आणि तिला आरंभापासून दोन फाटे आहेत. एका फाट्यावर कागद लाकूड लपवण्यासाठी येतो, दुसऱ्यावर लाकूड मिरवण्यासाठी. वऱ्हाडाचा मूळ फाटा दुसरा. तो पहिल्याला कसा जाऊन मिळाला, ते आपण पाहू.

आरंभ कागदापासूनच करायला हवा. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली आणि किल्ल्याचे नाव दौलताबाद झाले. त्या स्थलांतरात उत्तरेकडचे कागदी कारागीर दख्खनमध्ये आले, असे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे लोक आजही सांगतात. चिंध्या आणि जुने दोरखंड कुजवून, कुटून, लगदा चाळणीवर उचलून, वाळलेला ताव दगडाने घोटून गुळगुळीत करायचा, ही त्यांची रीत. जुन्नरलाही असाच कागद होई आणि मराठी दप्तरे त्याच्यावर भरत. एवढ्या कष्टाचा कागद फळकुटाला चिकटवण्याचे कोणाच्या स्वप्नातही येणे शक्य नव्हते. तो लिहिण्याचा माल होता, आणि लिहिलेला कागदसुद्धा रुमालात बांधून जपून ठेवण्याचा. सजावटीचा कागद म्हणून दख्खनला जर कशाचा अभिमान धरावा, तर तो अबरीचा. सतराव्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी डिंकाने दाट केलेल्या पाण्यावर रंग तरंगवून, त्यावर ताव टेकवून उचलायची कला अशा टोकाला नेली, की अबरीच्याच नक्षीतून घोडे आणि फकीर उभे केले. पुढे हीच अबरी पुस्तकबांधणीत उतरली आणि विसाव्या शतकापर्यंत व्यापाऱ्यांच्या चोपड्यांच्या पुठ्ठ्यांवर टिकली. म्हणजे वस्तूला रंगीत कागदाचे अंग चढवण्याचे कसब बांधणीवाल्यांपाशी होतेच, फक्त ते सुताराकडे गेलेले नव्हते.

सुताराकडे, किंवा आपल्याकडच्या बोलीत वाढयाकडे, त्या काळी होती ती बेगड. कथलाचा अतिशय पातळ पत्रा सोनेरी, लाल, हिरव्या रंगात रंगवून त्याची बेगड करीत आणि डिंकाने ती वाटेल त्याला लावीत: बाशिंगाला, मखराला, ताबुताला आणि पोळ्याच्या दिवशी बैलाच्या शिंगांना. श्रावण अमावास्येला बैल धुऊन, शिंगांना हिंगूळ लावून, वर बेगड डकवून, पाठीवर झूल घालून तोरणाखाली उभा करायचा आणि मग झडत्यांचा, म्हणजे पोळ्याच्या लोकगीतांचा, आवाज चढायचा, हा वऱ्हाडातला पोळा. ही बेगड टिकण्यासाठी नसतेच. दोन दिवसांत ती सुटते, बैल पुन्हा नांगराला लागतो, आणि पुढच्या वर्षी नवी बेगड आणली जाते. मिरवण्याच्या फाट्याचा सारा स्वभाव या एका सवयीत आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा तर आपल्या विषयाच्या अगदी मध्यावर येतो. लहान मुलांनी लाकडी बैल सजवून घरोघर न्यायचे आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैशांची भेट, मागायचा, ही प्रथा नागपूरचे दुसरे रघुजीराजे भोसले यांनी १८०६ मध्ये सुरू केली, असे नागपुरात सांगतात. हे वर्ष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तीनच वर्षांपूर्वी, डिसेंबर १८०३ मध्ये, देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाकडे आला. म्हणजे तान्हा पोळा राजांनी काढला तेव्हा यवतमाळचा मुलूख त्यांचा राहिलेला नव्हता. प्रथा मात्र नदी ओलांडून आली. तिला सरहद्द कळत नसावी, किंवा पोरांच्या हट्टापुढे तहनामा चालत नसावा. पुढे १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, १८६४ मध्ये आग्नेय वऱ्हाडचा वेगळा जिल्हा झाला, तो वणीच्या नावाने ओळखला गेला आणि १९०५ मध्ये त्याला यवतमाळचे नाव मिळाले. इतक्या राजवटी आणि नावे बदलली, पण लाकडी बैल चाकांवर चालतच राहिला.

हा बैल साधारण सागाचा. बापाने खेळवलेला मुलाकडे आणि मुलाचा नातवाकडे येतो. त्याचे पाय झिजतात, चाके बदलतात, शिंग मोडले तर वाढई नवे बसवून देतो. दर वर्षी पोळ्याच्या आधी त्याला फडताळातून काढायचे, गेल्या वर्षीचे पोपडे ओल्या फडक्याने पुसायचे, आणि नवी बेगड, घोटीव कागद, पतंगी कागदाच्या झालरी, चमकी असा साज खळीने चढवायचा. जुन्या लाकडी वस्तूला शोभेच्या कागदाने नवी करणे, या शब्दांत आज जी कला शिकवली जाते, ती विदर्भातल्या पोरांनी घरच्या अंगणात कोणाच्या शिकवणीशिवाय केलेली आहे. तिच्यात एक नेमका भेद आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. इथला कागद वर्षाचा पाहुणा असतो. खाली सागाचे लाकूड जसेच्या तसे राहते.

आता आपण पहिल्या फाट्याकडे वळू. त्यासाठी युरोपात जावे लागेल. हौशी पुस्तकांत डेकूपाजची वंशावळ सायबेरियातल्या थडग्यांतल्या कातीव नमद्यापासून सुरू करतात. कात्रीने कापलेली प्रत्येक वस्तू पूर्वज मानायची तर मग शिंप्यालाही पंक्तीत बसवावे लागेल, म्हणून ती कथा आपण सोडून देऊ. खरा पूर्वज विसरला गेलेला आहे. सोळाव्या शतकात जर्मनीत लाकडाच्या रेषा आणि जडावाची नक्षी ठशांनी छापलेले कागद निघत आणि ते पेट्यांना, कपाटांना, छताच्या फळ्यांना चिकटवीत. महागड्या लाकडाचे तुकडे जडवण्याचे काम परवडत नसे, म्हणून जडावाचे चित्र. लाकडावर लाकडाचे सोंग घेतलेला कागद तेव्हाच जन्मला होता. यवतमाळच्या दुकानातला सागरेषांचा सनमायका हा त्याचाच वारस आहे.

मग आले चीन आणि जपान. डच आणि इंग्रज कंपन्यांच्या जहाजांतून तिथली काळी चकचकीत लाखकामाची कपाटे युरोपच्या दिवाणखान्यांत पोचली आणि सगळ्यांना तसेच कपाट हवेसे झाले. त्या लेपाचे मूळ द्रव्य एका पूर्वेकडच्या झाडाचा चीक. तो युरोपला मिळेना. तेव्हा कारागिरांनी हिंदुस्थानातून येणारी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तोच थाट आणायचा प्रयत्न केला. १६८८ मध्ये स्टॉकर आणि पार्कर या दोघांनी ऑक्सफर्डला या कामावर एक जाडजूड ग्रंथच छापला, आणि त्यातल्या कृती आपल्या दाणेलाखेवर आणि चपड्यावर उभ्या आहेत. पळसावर, बोरीवर, कुसुमावर बसणारा किडा, त्याची लाख आणि इंग्लंडातले खोटे जपानी कपाट, अशी ही साखळी आहे. वऱ्हाडात पळसाला तोटा नाही.

लाखेनेही भागेना, तेव्हा अठराव्या शतकात व्हेनिसने आणखी स्वस्त तोड काढली. हाताने चित्र काढायला चितारी लागतो आणि चितारी पैसे मागतो. म्हणून बासानो गावच्या रेमोन्दिनी घराण्याच्या छापखान्यातून चिनी माणसे, पोपट, फुलांचे हार, शिकारीची दृश्ये छापलेले ताव आणायचे, ती चित्रे रंगवून बारीक कात्रीने कापायची, रंगवलेल्या कपाटावर चिकटवायची आणि वर चंद्रसाच्या वार्निशचे इतके हात द्यायचे, की बोट फिरवले तरी कागदाची कड लागू नये. इटालियन लोक याला गरिबाची लाख म्हणत. आज तीच गरिबाची लाख लिलावात श्रीमंतांच्या किमतीला जाते, हा काळाचा विनोद. व्हेनिसहून ही रीत पॅरिसला आणि लंडनला गेली, तिथे कारागिरांच्या हातून सुटून घरंदाज बायकांच्या हातात आली. १७६० च्या सुमारास लंडनच्या रॉबर्ट सेयरने खास अशा कात्रीकामासाठी चित्रांचे पुस्तक काढले, आणि त्यात फ्रेंच चित्रकार पिलमाँच्या चिनी धाटणीच्या आकृत्या होत्या. मेरी डिलेनी या बाईंनी १७७२ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रंगीत कागदाचे कपटे जुळवून फुले घडवायला सुरुवात केली आणि जवळजवळ हजार फुले केली, ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांचा फर्निचरशी संबंध नाही, पण कात्रीच्या इतिहासात त्यांना ओलांडून पुढे जाणे बरे दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकाने हे दोन फाटे एकमेकांच्या जवळ आणले, आणि ते काम रंगीत छपाईने केले. १८३७ मध्ये गोदफ्रुआ एंगेलमान याने फ्रान्समध्ये दगडावरून अनेक रंगांत छापण्याचा हक्क नोंदवला. काही दशकांत रंगीत चित्र इतके स्वस्त झाले, की ते चिकटवून वाया घालवणे कोणालाही परवडू लागले. आपल्याकडे १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा निघाली आणि तिचे रामपंचायतन मराठी घरांच्या भिंतींवर चढले. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला. त्याचे पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे. छापखाना नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला, तिथे काही काळ धुंडिराज गोविंद फाळके नावाचा तरुणही काम करून गेला, आणि १९७२ च्या आगीत तो संपला. पण तिथून निघालेली लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेली, आणि गृहिणींनी तिला जशीच्या तशी ठेवले नाही. लक्ष्मीच्या शालूला खरी जर, दागिन्यांना टिकल्या, किनारीला खरे कापड असा साज सुईने आणि डिंकाने चढवून ती चौकटीत बसवली. छापील चित्राला पुन्हा हाताचे करण्याची ही ओढ बेगड लावणाऱ्या मुलाच्या ओढीहून फार निराळी नाही.

यवतमाळला रंगीत कागद आणखी एका वाटेने आला आणि ती वाट कापसाची होती. इथला कापूस मूर्तिजापूरमार्गे मुंबईला आणि तिथून पुष्कळसा इंग्लंडला जाई. मूर्तिजापूर–यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अरुंद रेल्वे किलिक निक्सन कंपनीने त्याच कापसासाठी घातली. लोकांनी तिला शकुंतला म्हटले. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले तिचे वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावले. कापूस गेला त्या मँचेस्टरहून कापड परत येई, आणि कापडाच्या ठाणावर गिरणीचे तिकीट चिकटवलेले असे: सोनेरी काठाचे, कृष्णाचे, हत्तीचे, वाघाचे, कधी एखाद्या राणीचे. कापड विकले गेले की तिकीट मोकळे होई. ते फेकायचा जीव कोणाला होणार? ते पेटीच्या झाकणाच्या आत, फडताळाच्या दारावर, देव्हाऱ्याच्या मागच्या फळीवर जाऊन बसे. वऱ्हाडच्याच कापसाने विलायतेहून परत आणलेला हा कागद वऱ्हाडच्या सागावर लागला, आणि व्यापाराचा एवढा मोठा फेरा पत्र्याच्या आणि लाकडाच्या पेट्यांच्या पोटात पुरा झाला.

हे सगळे चिकटवले कशाने, हेही पाहायला हवे, कारण पुढचे वळण चिकटवण्याच्या द्रव्यानेच दिले. घरात मैद्याची किंवा कणकेची खळ शिजवीत. बांधणीवाले तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकीत, म्हणजे वाळवी आणि कसर कागदाला लागत नसे. बाभळीचा डिंक पाण्यात भिजवून लहानसहान कामाला चाले. वाढयाकडे सरस असे, जनावरांच्या कातड्या-हाडांचा, उकळत्या पाण्यावर पातळ करून गरम असतानाच लावायचा. त्याच्या वासाने सुतारशाळा ओळखू येई. १९५९ मध्ये बळवंतराय पारेखांच्या कंपनीने फेव्हिकॉल आणले आणि सरसाचे भांडे हळूहळू चुलीवरून उतरले. खळ आणि फेव्हिकॉल या दोहोंत एक मोठा फरक आहे: खळ पाण्याने पुन्हा सुटते, वाळलेले फेव्हिकॉल सहसा सुटत नाही. आतापर्यंत लाकडावरचा कागद जात-येत होता. आता तो कायमचा राहू लागला.

मधल्या काळात साध्या छापील कागदानेही जिल्ह्याच्या कपाटांत आपली जागा केली होती. बापूजी अणे यांनी १९१८ मध्ये यवतमाळहून ‘लोकमत’ हे साप्ताहिक सुरू केले. स्वातंत्र्यानंतर जवाहरलाल दर्डा यांनी ते पुन्हा काढले, आणि १९७१ पासून ते नागपुरातून दैनिक झाले. वर्तमानपत्र वाचून झाले की अलमारीच्या फळ्यांवर अंथरायचे, दिवाळीला बदलायचे. छपाईच्या शाईच्या वासाने झुरळे येत नाहीत, असा त्यामागे समज. वर्धा नदीपलीकडे मगनवाडीत गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये स्थापन झालेला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ हातकागदाचे प्रयोग करीत होता, आणि आग्नेयेला बल्लारपूरला १९४५ मध्ये स्थापन झालेली गिरणी बांबूचा कागद काढू लागली. एका बाजूला चिंध्यांचा हातकागद, दुसऱ्या बाजूला जंगलातल्या बांबूचा यंत्रकागद, आणि मधे सागाचे फडताळ. फळीवर अंथरायला कोणता लागला, ते सांगायला नको. १९७३ पासून ‘कालनिर्णय’ भिंतीवर आले. जुन्या दिनदर्शिकांतले गणपती-दत्त कापून देव्हाऱ्यात लावले जात, कारण देवाचे चित्र रद्दीत घालवत नाही.

सनमायकाचा जन्म मात्र घर सजवायच्या कल्पनेतून झालेला नाही. १९१३ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात ओकॉनर आणि फेबर या दोन तंत्रज्ञांनी विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरायचे विद्युतरोधक द्रव्य बनवायला कंपनी काढली: कागदाचे किंवा कापडाचे थर फिनॉलच्या राळेत भिजवून दाबलेले. १९२७ मध्ये त्याच कंपनीने वरच्या थरावर लाकडाच्या रेषा छापण्याचा हक्क मिळवला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस वर मेलामाइनचा थर आला, मग चहाचा गरम पेला ठेवला तरी डाग पडेना. सोळाव्या शतकातल्या जर्मन कागदाचे सोंग असे अखेर पूर्ण वठले. भारतात या मालाला सनमायका हे एका कंपनीचे नाव इतके चिकटले, की आता ते सगळ्यांचेच झाले आहे. आठ बाय चार फुटांचा, मिलिमीटरभर जाडीचा ताव प्लायवूडवर फेव्हिकॉलने बसवायचा, वर वजन ठेवायचे, वाळल्यावर कडा कानशीने घासायच्या. एवढ्यात लग्नाचा संच तयार.

सनमायकाला नावे ठेवायला मी बसलेलो नाही. साग जितका कमी तोडला जाईल तितके बरे, आणि धुऊन पुसता येणारा ओटा ही बाईमाणसाच्या जन्माची सोय आहे. माझा आक्षेप एवढाच, की प्लायवूडवर थांबायचे ते थांबले नाही. गेल्या तीस-चाळीस वर्षांत जिल्ह्यातली कितीतरी जुनी सागवानी टेबले आणि अलमाऱ्या, जुनाट दिसतात म्हणून, सागाच्याच रेषा छापलेल्या कागदाखाली गेली. व्हेनिसने कागद लावला तो लाख परवडत नव्हती म्हणून. इथे तर खालीच खरा माल होता.

आजची डेकूपाजची हौस या टप्प्यावर आली आहे, आणि तिचे मला स्वागतच करावेसे वाटते, कारण तिने कात्री पुन्हा घरातल्या माणसाच्या हातात दिली. कृती सोपी आहे. पॉलिश पेपरने लाकूड घासून घ्यायचे, पांढरा रंग द्यायचा, तीन पदरी कागदी रुमालाचा फक्त वरचा छापील पदर सोडवून पातळ फेव्हिकॉलने सुरकुती न पडू देता बसवायचा, आणि वाळल्यावर वार्निशचे दोन-तीन हात द्यायचे. प्लायवूडचे खोके, फळकुटाचा ट्रे, रंग उडालेले प्लास्टिकचे स्टूल यांना हे फार शोभते. पण आपल्या घरी आजोबांचा सागवानी चौरंग, पेटी किंवा तान्ह्या पोळ्याचा बैल असेल, तर पांढरा रंग, फेव्हिकॉल आणि वार्निश ही तिन्ही बाजूला ठेवावीत. कागद लावायचाच तर झाकणाच्या आत किंवा मागच्या फळीवर लावावा, आणि खळीने लावावा, म्हणजे पुढे कोणाला नको वाटला तर ओल्या फडक्याने निघेल. खळ पातळ शिजवावी, गार झाल्यावर लावावी, आणि वाळवीचे भय असेल तरच तिच्यात मोरचूद घालावे. मोरचूद विषारी असते, तेव्हा खळीचे भांडे स्वयंपाकाचे घेऊ नये आणि मुलांच्या खेळण्याला लावायच्या खळीत तर ते मुळीच घालू नये.